मागचे कधी बोलतात?

“पाऊस मागून यायलाय.”

परवडणाऱ्या किमतीतल्या होम थिएटर रिसीव्हरबद्दल परभणी जिल्ह्यात मालकांच्या तोंडून जी मतं कानावर आली, त्यांतलं हे मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. बोलणारा गृहस्थ मानवत तालुक्यातला, कापूस करणारा. समोर तीन बॉक्स, मागे दोन आणि कोपऱ्यात सबवूफर असा संच नव्याने लावलेला, पडद्यावर ‘तुंबाड’. विचारलं होतं एवढंच, की कसा आहे? उत्तरात रिसीव्हर नाही, बॉक्स नाहीत, कंपनी नाही, वॉट नाहीत. आवाज हा शब्दसुद्धा नाही. नुसता पाऊस आहे, त्याची दिशा आहे, आणि तो अजून चालू आहे. यंत्राने आपलं काम चोख केलं की मालकाच्या बोलण्यातून यंत्र बाजूला होतं, हे इतक्या थोडक्यात दुसऱ्या कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. अशा काही मतांचं रसग्रहण करावं असं बरेच दिवस मनात होतं. वरवर ती खरेदीची मतं असतात. नीट ऐकली तर त्यांत ऐकण्याची मोठी समज साठलेली असते.

राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. भाषा हिंदी, पण गाव कोकणातलं, वाडा आपल्याकडचा, माणसांची नावं सदाशिव आणि विनायक. चित्रीकरण अनेक पावसाळे धरून चाललं होतं, आणि ध्वनिसंयोजनासाठी कुणाल शर्मा यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. या सिनेमात पाऊस उघडत नाही. आमच्याकडचा पाऊस वेगळा. तो आधी वाऱ्याने धूळ उडवून वर्दी देतो, पत्र्यावर ताडताड वाजतो, अर्ध्या-पाऊण तासात नाला भरतो आणि निघून जातो. मग पंधरा दिवस आभाळाकडे बघत बसायचं. कापूस आणि सोयाबीन करणाऱ्या माणसाचा कान पावसाच्या बाबतीत फार तयार असतो. लांबून येणारी सर, जवळची सर, पानांवरचा पाऊस, मोकळ्या रानातला पाऊस, हे त्याला डोळे मिटून कळतं. अशा कानाला टीव्हीच्या अंगच्या दोन बारक्या स्पीकरांतून तुंबाडचा पाऊस ऐकवला तर त्याला एकसारखी सरसर ऐकू येते. ती पडद्याला चिकटलेली असते. पाचांवर तोच पाऊस वाटून दिला की त्याला जागा मिळते. समोरच्या तिघांत वाडा, माणसं, त्यांचं बोलणं. मागच्या दोघांत उरलेलं आभाळ. विनायक दोराला धरून खाली उतरतो तेव्हा हे आभाळच काढून घेतलं जातं. मोकळ्यावरचा पाऊस मागे पडतो, जवळचे, ओले, कोंडलेले आवाज उरतात, आणि ऐकणाऱ्याला आपल्या खोलीचं छत खाली आल्यासारखं वाटतं. भीती पडद्यावरच्या राक्षसाची असतेच. पण आभाळ गेल्याची भीती आधी लागते, आणि ती लावण्यासाठी तोवर ते आभाळ पाठीमागे खरोखर असावं लागतं. मानवतच्या गृहस्थांनी नेमकी तीच गोष्ट टिपली.

हा आवाज मागून ‘येतो’ कसा, हे पाहण्यासारखं आहे. मागे बॉक्स ठेवला की आवाज मागून येईल, इतकं ते सोपं नसतं. आवाज एक फूट अंतर कापायला एक मिलिसेकंदाच्या आत-बाहेर वेळ घेतो. दहा बाय बाराच्या खोलीत समोरचा बॉक्स दहा फुटांवर असतो आणि मागचा डोक्यापासून चारेक फुटांवर. दोन्हींतून एकाच वेळी आवाज सुटला तर मागचा आधी पोचतो, आणि माणसाचा कान आधी पोचलेल्या आवाजालाच खरी दिशा मानतो. हेल्मुट हास या जर्मन अभ्यासकाने १९४९ साली यावर प्रबंध लिहिला. कानाच्या या सवयीला त्याचंच नाव मिळालं. म्हणजे काहीच केलं नाही तर समोर आणि मागे दोन्हीकडे वाटलेला आवाज मागेच ओढला जाईल. म्हणून रिसीव्हर मागच्यांना पाचेक मिलिसेकंद थांबवतो. एवढ्याशा थांबण्यावर सगळी किमया उभी आहे.

हे थांबणं ठरतं सेटिंगच्या दिवशी. स्वस्तातल्या बऱ्याच रिसीव्हरांबरोबर आता वायरीच्या टोकाला बसवलेला एक छोटा माइक येतो. सोनीच्या एसटीआर-डीएच५९० किंवा यामाहाच्या आरएक्स-व्ही३८५ बरोबर तो असतो. तो आपण बसतो तिथे, कानाच्या उंचीला ठेवायचा. घरी तिपाई नसते, म्हणून उशा आणि वह्या रचून उंची साधली जाते. मग पंखा बंद, कुकर खाली, पोरांना बाहेर काढलेलं, दार लोटलेलं. रिसीव्हर एकेका बॉक्समधून शिट्टीसारखा, सरकत जाणारा सूर सोडतो. डावा, मधला, उजवा, मागचा उजवा, मागचा डावा, शेवटी सबवूफरची गुरगुर. घरातले सगळे श्वास धरून उभे. एवढ्यात गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला तर पुन्हा पहिल्यापासून. शेवटी पडद्यावर अंतरं येतात, आणि इथे एक मत हमखास ऐकायला मिळतं: “मशीन चुकतंय. सबवूफर टेपानं सात फुटावर हाये, हे अकरा दाखवतंय.” टेप बरोबर आहे आणि मशीनही. सबवूफरच्या पोटातल्या फिल्टरमध्ये आवाजाला थोडा उशीर होतो, माइकला तो उशीर अंतर म्हणून दिसतो, आणि रिसीव्हरने तो धरायलाच हवा. आकडा हाताने ‘दुरुस्त’ केला की ढोलाचा ठोका आणि त्याची घुमक एकमेकांपासून सुटतात. हा आकडा तसाच राहू द्यावा, हे मी भेटेल त्याला सांगतो.

दणक्याबद्दलची मतं सगळ्यांत जास्त मिळतात. “छातीत वाजायलंय” हे पहिल्या आठवड्याचं मत. त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. खालचे सूर कानाइतकेच अंगाने ऐकले जातात, आणि ‘पाच पॉइंट एक’मधला तो ‘एक’ त्याच सुरांसाठी, साधारण १२० हर्ट्झच्या खालच्या धमक्यासाठी राखून ठेवलेला असतो. सिनेमागृहांत ही वाटणी डॉल्बी डिजिटलने १९९२ साली ‘बॅटमॅन रिटर्न्स’पासून आणली. मात्र दणक्याचं मत देताना लोक डब्यावरचे वॉट सांगतात, आणि तिथे जरा थांबून वाचायला हवं. डीएच५९०च्या डब्यावर चॅनेलला १४५ वॉट असतात. खालच्या बारीक अक्षरांत अटी असतात: ६ ओहम, फक्त १ किलोहर्ट्झचा सूर, ०.९ टक्के विकृती. त्याच यंत्राचा पूर्ण सुरांचा, दोन चॅनेलांचा आकडा ९० वॉटवर येतो. दोन्ही आकडे खरे आहेत, पहिला जरा सणासुदीचा आहे इतकंच. आणि बैठकीच्या खोलीत, आठ-दहा फुटांवरून ऐकताना, बहुतेक वेळ दोन-चार वॉटच खर्च होत असतात. वॉट दुप्पट केले तर आवाज तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे कळेल न कळेल इतका. म्हणून ‘शेजाऱ्याचा दोनशे वॉटचा आहे’ या तुलनेत फारसा अर्थ नाही.

माझ्या आवडीचं दुसरं मत तक्रारीच्या रूपात येतं: “मागचे बोलंनात.”

मागचे म्हणजे मागचे दोन बॉक्स. ही तक्रार इतकी सार्वत्रिक आहे, की रिसीव्हर विकणाऱ्याने पावतीबरोबर तिचं उत्तरही द्यावं. एक कारण साधं असतं. केबल आणि डिशवरच्या बहुतेक वाहिन्या दोनच चॅनेलांचा आवाज पाठवतात. मालिका, बातम्या, क्रिकेट हे सगळं डावं-उजवं. मागच्यांना देण्यासारखं त्यांच्यात काहीच नसतं. दुसरं कारण टीव्हीच्या सेटिंगमध्ये दडलेलं. एचडीएमआयच्या एआरसी वायरीने टीव्हीतून रिसीव्हरला आवाज देताना ‘पीसीएम’ निवडलेलं राहिलं, तर पाच चॅनेलांचा सिनेमाही दोनांत आवळून बाहेर पडतो. ते ‘ऑटो’ किंवा ‘बिटस्ट्रीम’ केलं की मागे जीव येतो. मी कितीतरी घरांत एवढी एक खूण बदलली आहे आणि मालकाच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहिला आहे.

पण हे दोन्ही सरळ केल्यावरही तक्रार उरतेच, आणि तिथून पुढे ती वाचण्याजोगी होते. कारण चांगल्या ध्वनिसंयोजनात मागचे बॉक्स बराच वेळ गप्पच असतात. दोन माणसं ओसरीवर बसून बोलत असतील तर मागे काय वाजणार? लांबचा कुत्रा, वाऱ्याची झुळूक, बस. पैसे मोजलेल्या माणसाला हे गप्प राहणं फुकट गेल्यासारखं वाटतं. त्याला मी सप्त्यातल्या कीर्तनाची आठवण देतो. गंगाखेड तर संत जनाबाईंचं गाव, आणि जिल्ह्यात गावोगाव हरिनाम सप्ताह बसतात. हे ऐकणं इथल्या माणसाच्या अंगात आहे. कीर्तनकार मधोमध उभा, मागे टाळकऱ्यांची ओळ, बाजूला मृदंग. कीर्तनकार अर्थ सांगू लागला की टाळ थांबतात. ते थांबतात म्हणून शब्द कळतो. मग अभंगाचं चरण येतं, टाळ उठतात, आणि नामाचा गजर झाला की मांडवात आपल्या पाठीमागे बसलेली शे-दोनशे माणसं एकदम म्हणू लागतात. त्या क्षणी पाठीवर जो काटा येतो तो मागच्या माणसांमुळेच. ती सगळा वेळ बोलत राहिली असती तर आला असता का? हे सांगितल्यावर पाथरीच्या एका शिक्षकांनी महिनाभराने मला आपलं सुधारलेलं मत कळवलं: “मागचे कमी बोलतात, पण बोलले की मान वळते.” हे मत रिसीव्हरच्या जाहिरातीत छापता येणार नाही. ध्वनिसंयोजन शिकवणाऱ्या वर्गात मात्र ते भिंतीवर लावावं.

गप्प राहण्याचा सर्वांत कठीण पेपर नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ घेतो. अजय-अतुल यांनी या सिनेमाच्या संगीतासाठी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मोठा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. व्हायोलिनांची ती रुंदी पाच बॉक्सांवर फार सुखाची वाटते. आणि ज्या सिनेमाने इतकं भरभरून ऐकवलं, तोच शेवटी सगळा आवाज काढून घेतो. घरात पहिल्यांदा ते पाहताना कुणीतरी म्हणतंच, “बंद पडला का?” आणि रिसीव्हरच्या दिव्याकडे बघतं. दिवा चालू असतो. मग उलगडतं. मला हे “बंद पडला का?” नागराज मंजुळे यांना मिळालेल्या मोठ्या दादींपैकी वाटतं. ज्या घरात इतका वेळ सैराटचं गाव वसलं होतं तिथून ते गाव उठून गेलं, हे यंत्रावरच्या संशयातून व्यक्त झालं आहे. यंत्राची परीक्षाही इथेच होते. आवाज नसताना बॉक्सला कान लावावा. स्वस्त रिसीव्हरमध्ये थोडी सुरसुर असते. ती बसल्या जागी ऐकू येत नसेल तर यंत्र चांगलं. सोनपेठच्या एका मालकाने मला सांगितलं, की त्या शांततेत त्याला पहिल्यांदा स्टॅबिलायझरची घरघर ऐकू आली, आणि दुसऱ्या दिवशी त्याने तो बैठकीतून उचलून पलीकडच्या खोलीत नेला. सिनेमा इतक्या बारकाईने ऐकणाऱ्या माणसाला मी रसिक म्हणतो.

आता ते मत, जे उशिरा येतं आणि बहुधा मालकाचं नसतं. ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं असतं. “आता बोललेलं कळायलंय.”

टीव्ही पातळ होत गेले तसे त्यांचे स्पीकर खाली तोंड करून किंवा मागे भिंतीकडे बसवले जाऊ लागले. शब्द आधी भिंतीवर, शहाबादी फरशीवर आपटतो, मग आपल्याकडे येतो. त्यात आमच्या नव्या घरांना वर स्लॅब, खाली टाइल, भिंती गुळगुळीत. जुन्या माळवदाच्या घरात मातीच्या जाड भिंती आवाज पिऊन टाकत. या खोल्यांत तो घुमत राहतो. तरुण कान तो गोंधळ निभावून नेतो, सत्तरीचा नेत नाही. मग आवाज वाढवा, कमी करा, गाणं आलं की पुन्हा कमी करा, आणि त्यावरून घरात रोजची कुरबूर. मधला बॉक्स, ज्याला सगळे नुसतं ‘सेंटर’ म्हणतात, तो हे मिटवतो. सिनेमातलं बहुतेक बोलणं त्याच्याच वाट्याला दिलेलं असतं. तो टीव्हीच्या खाली, आपल्याकडे तोंड करून बसतो, आणि रिसीव्हरमध्ये जाऊन एकट्या सेंटरला दोन-तीन डेसिबल चढवता येतात. बाकी काही न वाढवता शब्द पुढे येतो. सेलूच्या एका घरात आजींनी आपल्या नातवाला सांगितलं, “आता तू बारीक केलास तरी चालंल, मला कळायलंय.” ज्या यंत्राला शेजारी ‘दणक्याची मशीन’ म्हणत होते, त्याचा खरा उपयोग आवाज कमी करण्यात झाला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. या किमतीतल्या रिसीव्हरला मी मनापासून मानतो ते यासाठीच.

याचा एक वाङ्मयीन लाभही आहे. भाऊराव कऱ्हाडे यांचा ‘ख्वाडा’ धनगर कुटुंबाच्या भटकंतीवरचा. त्यातला आवाज जागेवरच, नटांच्या तोंडून चित्रीकरणाच्या वेळी टिपलेला आहे, आणि त्यासाठी महावीर सबनवाल यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. स्टुडिओत नंतर म्हटलेले संवाद स्वच्छ असतात, पण त्यांना वारा लागलेला नसतो. ‘ख्वाडा’तलं बोलणं मेंढरांच्या कळपातून, उघड्या माळावरून येतं. टीव्हीच्या स्पीकरवर त्या बोलीतली अर्धी अक्षरं मेंढरांत हरवतात आणि शहरातला पाहणारा म्हणतो, भाषा कळत नाही. भाषा कळत असते. शब्द पोचलेला नसतो. सेंटर नीट लावलं की शशांक शेंडे यांच्या बापाच्या आवाजातला खरखरीत थकवासुद्धा ऐकू येतो, आणि मग पुन्हा विचारावं लागत नाही की काय म्हणाले. बोलीत काम करणाऱ्या मराठी सिनेमावाल्यांनी आपल्या प्रेक्षकाकडे कसली उपकरणं आहेत याचा विचार करायला हवा, असं मला नेहमी वाटतं. आणि प्रेक्षकानेही चित्रासाठी चाळीस हजार आणि आवाजासाठी शून्य, ही वाटणी एकदा तपासून पाहावी.

वर्ष-दोन वर्षं वापरलेल्यांची मतं थोडक्यात येतात आणि खणखणीत असतात. “वर काही ठेवू नका.” मे महिन्यात परभणीचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो आणि शोकेसच्या बंद कप्प्यात ठेवलेला रिसीव्हर तापून स्वतःला बंद करून घेतो, पडद्यावर ‘प्रोटेक्ट’ येतं आणि माणसाला वाटतं बिघडला. त्याला वरून चार-सहा बोटं मोकळी हवा लागते. बारीक वायर वापरू नये, दाबाच्या क्लिपेत तिचे तंतू बाहेर डोकावू देऊ नयेत, एकमेकांना लागले की तोच ‘प्रोटेक्ट’. संध्याकाळी व्होल्टेज पडतं तिथे चांगला स्टॅबिलायझर हवाच. जमिनीवर सतरंजी टाका आणि मागच्या भिंतीवर जाड पडदा लावा, हा सल्ला मला जिंतूरमध्ये एका इलेक्ट्रिशियनने दिला. हजार रुपयांत त्याने खोलीचा घुमारा जितका कमी केला, तितका पाच हजारांनी महागडा रिसीव्हर घेऊनही झाला नसता.

एक गोष्ट मात्र या यंत्रांतली मला पटत नाही, आणि मालकांमध्येही त्यावर दोन तट आहेत. रिमोटवर ‘हॉल’, ‘स्टेडियम’ अशी बटणं असतात. ती दाबली की कुठलाही आवाज पाचही बॉक्सांतून घुमवून येतो. नव्या मालकाला त्याचा मोह होतो, कारण मग मागचे सतत बोलतात. माझ्या मते हा आवाजावरचा अन्याय आहे. संयोजकाने जे समोर ठेवलं ते समोर राहावं. डॉल्बीची दोनाचे पाच करणारी पद्धत तरी जरा विचार करून आवाज वाटते. ही बटणं सरसकट शिंपडतात. याचा निकाल पूर्णेच्या एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याने लावला, तो मला कायमचा पटला. ते मोबाइलवर आकाशवाणी परभणी लावतात आणि ब्लूटूथने रिसीव्हरवर ऐकतात. मुलाने कौतुकाने ‘हॉल’ लावून दिलं होतं. त्यांनी रिमोट हातात घेतला, साधा दोन चॅनेलांचा आवाज आणेपर्यंत बटणं दाबत राहिले, आणि म्हणाले, “बातम्या सांगणारा माणूस समोर बसतो. तो आपल्या चारी बाजूंनी कशाला फिरंल?”